स्लायडरच्या मागच्या पायाजवळ चासीलाच चीर गेली आहे. वरून ८ मिमीची प्लेट लावू का?

खडकवाट:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण मापं दिल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

गाडी लॅडर फ्रेमवरची जुनी फोर-बाय-फोर आहे, सामानासकट २ टनांच्या आसपास. दीड वर्षापूर्वी दोन्ही बाजूंचे रॉक स्लायडर (दाराखालच्या पत्र्याला खडकापासून वाचवणारे पाइप) मी स्वतः बनवले. मुख्य पाइप बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ३.२ मिमी. दर बाजूला तीन पाय, ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपचे, ४ मिमी जाडीचे. पाय चासीच्या उभ्या भिंतीवर थेट टेकवले आणि चारही बाजूंनी मिगने (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनने) वेल्ड केले. तार ०.८ मिमीची, गॅस कार्बन डायऑक्साइड. चासीची भिंत १५० मिमी उंच आहे. एका जुन्या भोकातून कॅलिपर घालून जाडी मोजली, ती ३ मिमी भरली. पाइप चासीपासून १५० मिमी बाहेर येतो.

स्लायडरचा वापर भरपूर झाला. खडकावर गाडी टेकवून वळवली आहे, जॅकही त्यालाच लावतो. परवा खालून धुताना उजव्या बाजूच्या मागच्या पायाच्या खालच्या कडेला गंजाची एक बारीक रेघ दिसली. रंग खरवडला तर चीर निघाली. ३५ मिमी लांब. वेल्डच्या अगदी कडेने सुरू होते आणि मग चासीच्या पत्र्यात उतरते. वेल्ड स्वतः कुठेही फुटलेलं नाही. पुढचा आणि मधला पाय ठीक दिसतात, डावी बाजूही ठीक दिसते.

माझा विचार असा : चीर ग्राइंड करून भरायची, वरून ८ मिमीची चौकोनी प्लेट चारही बाजूंनी वेल्ड करायची आणि पाय परत त्यावर बसवायचा. चुकतंय का काही? चासीचा प्रश्न आहे, म्हणून हात लावण्याआधी विचारतोय.

दुसरं, याच वेळी ट्रान्स्फर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीखाली) ९०० बाय ६०० मिमीची स्किड प्लेट, म्हणजे खडकापासून वाचवणारा पत्रा, करणार आहे. ती लोखंडी करावी की अ‍ॅल्युमिनियमची?

दोन_सूत:

माझ्या गाडीवर ८ मिमीच्याच प्लेटा आहेत आणि चार वर्षांत काही झालेलं नाही. पातळ पत्र्यावर पाय उभा केला तर पत्रा फाटणारच. जाड प्लेट लावा, चारी बाजूंनी भरपूर वेल्ड करा. चीर भरण्याआधी तिच्या टोकाला ड्रिलने ५-६ मिमीचं भोक मात्र नक्की पाडा, नाहीतर ती वेल्डखालून पुढे जाते.

ठिणगी:

दोन_सूत यांचं भोकाबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे. प्लेटच्या जाडीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि ते माझ्या हातून चासी फुटल्यावर झालेलं आहे.

मी १७ वर्षं जोडकाम करते, त्यातली बरीचशी गाड्यांखाली गेली. सुरुवातीच्या काळात एका गाडीला विंचसाठी चासीवर १० मिमीची प्लेट बसवली होती. नीट काटकोनात कापलेली, चारी बाजूंनी भरगच्च वेल्ड. दिसायला फार सुरेख काम होतं. काही महिन्यांनी ती गाडी परत आली तेव्हा प्लेटच्या मागच्या उभ्या कडेला लागून चासी खालून वर अर्ध्यापर्यंत चिरली होती. प्लेट जशीच्या तशी होती, वेल्डला ओरखडा नव्हता. अगदी तुमच्यासारखं. ती चीर मी आजही विसरलेले नाही, कारण गाडीत चौघं बसून आले होते.

चीर वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या शेजारी आहे, ही तुमच्या सगळ्या माहितीतली सर्वात महत्त्वाची गोष्ट. वेल्ड कमी पडलं असतं तर वेल्ड उकललं असतं. इथे वेल्डने आपलं काम केलं आणि शेजारचा ३ मिमीचा पत्रा दमला, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन चिरला. तो का दमला त्याचा हिशोब करून बघा. गाडी २ टनांची, एका बाजूवर टेकली की त्या स्लायडरवर अंदाजे १ टन, म्हणजे १० किलोन्यूटन. वाईट प्रसंगी हे सगळं एकाच पायावर येतं. पाय १५० मिमी बाहेर, म्हणजे चासीपाशी पिळण्याचा जोर १.५ किलोन्यूटन-मीटर. हा जोर तुमचा पाय फक्त ५० मिमी उंचीत चासीला देतोय. वरच्या कडेने भिंत आत दाबली जाते, खालच्या कडेने बाहेर ओढली जाते, आणि ती ओढ १.५ भागिले ०.०५ म्हणजे ३० किलोन्यूटन होते. तीन टनांची ओढ, ५० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पट्टीवर, तीही भिंतीच्या मधोमध, जिथे मागे आधार काहीच नाही. चीर खालच्याच कडेला का सुरू झाली, त्याचं उत्तर यात आहे.

आता तीच प्लेट १२० मिमी उंच केली तर ओढ १२.५ किलोन्यूटनवर येते, सव्वा टन. यात जाडीचा कुठे संबंध आला? आला नाही. उंचीचा आला. शिवाय १२० मिमी उंच प्लेटच्या वरच्या-खालच्या कडा चासीच्या कोपऱ्यांजवळ जातात, आणि पेटीच्या आकाराच्या चासीची भिंत कोपऱ्यापाशीच ताठ असते. मध्ये ती डफाच्या कातड्यासारखी आत-बाहेर होते.

८ मिमीची चौकोनी प्लेट ३ मिमीच्या भिंतीवर लावली की दोन गोष्टी घडतात. एक, प्लेटखालची चासी एकदम ताठ होते आणि प्लेट संपते तिथे एकदम पुन्हा मऊ. चासी वाकते-पिळते ती सगळी त्या एका रेषेत. दुसरं, ती रेषा म्हणजे नेमकं तुमचं उभं वेल्ड, जिथला पत्रा आधीच तापून-थंड होऊन ताणात आहे. म्हणून माझ्या प्लेटा चासीच्या भिंतीएवढ्याच किंवा थोड्याच जास्त जाडीच्या असतात. तुमच्यासाठी ४ मिमी. दोन्ही टोकं लांब निमुळती करा, पतंगासारखी, किंवा माशाच्या तोंडासारखी आत कापलेली, म्हणजे ताठपणा हळूहळू संपतो. चासीला आडवं छेदणारं सरळ उभं वेल्ड कुठेही नको. चासीच्या खालच्या-वरच्या आडव्या पट्ट्यांवरही वेल्ड नको, वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. प्लेटच्या पोटात १६ मिमीची तीन-चार भोकं पाडून ती भरून घ्या, म्हणजे प्लेट फक्त कडांनी धरलेली राहणार नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. जास्त मजबूत जातीचं पोलाद आणलं तरी वेल्डच्या कडेची दमण्याविरुद्धची ताकद जवळपास तेवढीच राहते. तिथे आकार मदत करतो, पोलादाची जात नाही.

कापण्याआधी एक चाचणी करा. डाव्या बाजूला करा, जिथे चीर नाही. धुराखाली स्टँड ठेवा. मागच्या पायाच्या खाली चासीच्या भिंतीला पोलादी पट्टी उभी टेकवा. मग स्लायडरला त्या पायापाशी जॅक लावून टायरवरचा भार हलका होईपर्यंतच उचला. पट्टी आणि भिंत यांत फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पानं) किती जातो बघा. मधल्या पायापाशीही तेच करा. आकडे इथे लिहा.

खडकवाट:

ताई, तुमचा हिशोब दोनदा वाचला. ३० किलोन्यूटनचा आकडा बघून पोटात गोळा आला.

चाचणी केली. मधल्या पायापाशी ०.१० मिमीचं पानही आत जात नाही. मागच्या पायापाशी ०.४५ चं सहज जातं. भिंत डोळ्यांना दिसेल इतकी हलते. मधला पाय क्रॉसमेंबरच्या (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) समोर आहे, हे तेव्हा लक्षात आलं. मागचा पाय दोन क्रॉसमेंबरच्या मधोमध पडलाय. बनवताना फक्त दाराच्या लांबीत तीन पाय समान अंतरावर यावेत एवढंच बघितलं होतं.

दुसरी वाईट बातमी. तीन डब्यांचं डाय पेनेट्रंट (न दिसणाऱ्या चिरा लाल रंगाने दाखवणारं द्रावण) आणलं आणि दोन्ही बाजूंचे सगळे पाय तपासले. डाव्या मागच्या पायाला, त्याच खालच्या कडेला, ८ मिमीची केसासारखी लाल रेघ उमटली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. उजवी चीरही ३५ नाही, ४३ मिमी निघाली.

पुढचा क्रॉसमेंबर मागच्या पायाच्या १४० मिमी पुढे आहे. पाय तिकडे सरकवू का? पण मग पाइपचं शेपूट २३० मिमी लोंबकळेल, आत्ता ते ९० आहे.

ठिणगी:

सरकवा. पुढे १४० मिमीवर चासीच्या पोटात आयता आधार आहे, तो सोडू नका.

शेपूट मात्र कापावं लागेल. ४८.३ बाय ३.२ चा साध्या पोलादाचा पाइप साधारण १.२ किलोन्यूटन-मीटरला कायमचा वाकायला लागतो. टोकावर १ टन आला तर १२० मिमीवरच ती मर्यादा येते. २३० वर तो पहिल्याच खडकाला वर वळेल आणि दाराखालच्या पत्र्यात घुसेल. पायाच्या मागे १०० मिमी ठेवा, बाकी कापा, तोंड टोपीने बंद करा. टोपी बंद करताना पाइपच्या खाली ५ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर शेवटचा बीड (वेल्डचा ओघळ) आतली गरम हवा उडवून लावते आणि छिद्र राहतं. पुढे पाणीही तिथूनच निघून जाईल.

डावी रेघ ८ मिमीची असली तरी तिला उजवीइतकाच मान द्या. दोन्ही चिरांना डायने दाखवलेल्या टोकाच्या किंचित पुढे भोक पाडा. मग चीर व्ही आकारात पूर्ण जाडीपर्यंत उघडा, भरा, भिंतीशी सपाट घासा आणि पुन्हा डाय मारून बघा. रेघ उमटली नाही तरच प्लेट चढवा. जुन्या पायाचे ठसेही घासून काढा. घासताना डिस्कच्या खुणा चासीच्या लांबीच्या दिशेने राहू द्या, आडव्या नकोत.

मिग बदलायची गरज नाही, ३-४ मिमीला ती पुरेशी आहे. पण मिगचा एक दोष ओळखून असा : जोर कमी ठेवला तर धातू वर नुसता बसतो, खालच्या लोखंडात मुरत नाही, आणि वरून बीड मात्र छान दिसतो. म्हणून आधी तुकड्यांवर करा. ४ मिमीचे १०० मिमी लांब दोन तुकडे, एक दुसऱ्यावर उभा, आणि एकाच बाजूने वेल्ड. थंड झाल्यावर उभा तुकडा वेल्डच्या बाजूला हातोड्याने पाडा, म्हणजे मूळ उघडतं. तुटलं आणि आत सपाट, जुन्या कापाची रेघ जशीच्या तशी दिसली, तर तुमचं सेटिंग चुकलंय. प्लेटवरची काळी पापडीसुद्धा आधी ग्राइंडरने काढा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत.

गाडीवर वेल्ड सुरू करण्याआधीची कामं. बॅटरीच्या तारा सोडा. अर्थचा क्लॅम्प वेल्डपासून वीतभर अंतरावर, चासीवरच चकचकीत जागा करून लावा. धुरावर किंवा प्रॉपेलर शाफ्टवर लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो. त्या भिंतीच्या मागून ब्रेकचा पाइप, इंधनाची नळी किंवा वायरिंग जातं का ते हाताने चाचपून बघा, जातं असेल तर सोडून बाजूला बांधा. पेटीच्या आत गंजरोधक मेण असेल तर ते पेटतं, अग्निशामक हाताशी हवा. काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

आणि हे जपून वाचा : पेनेट्रंटच्या क्लीनरचा वास पूर्ण गेल्याशिवाय वेल्ड करू नका, आणि वेल्डिंगची जागा ब्रेक क्लीनरने पुसू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावण असतं. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील प्रकाशाने त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे आणि फुप्फुसांना त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो. अ‍ॅसिटोन वापरा आणि सुकू द्या.

वेल्ड २५-३० मिमीच्या तुकड्यांत करा, एकदा वर, एकदा खाली, मध्ये हात टेकवता येईल इतकं गार होऊ द्या. पाणी मारून गार करू नका.

पत्राकाम:

स्किड प्लेटचं मी सांगतो, त्या बाजूला कोणी वळलेलं दिसत नाही.

९०० बाय ६०० म्हणजे ०.५४ चौरस मीटर. ४ मिमीचं लोखंड घेतलं तर १७ किलो, ६ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर पावणेनऊ. वजन निम्मं होतं हे खरं. पण अ‍ॅल्युमिनियम खडकावर घसरत नाही, रुततं. तुम्ही गाडी खडकावर टेकवून वळवता म्हणता, तर लोखंडच घ्या. माती-वाळूतून जाणाऱ्याला मी अ‍ॅल्युमिनियम सांगितलं असतं.

अ‍ॅल्युमिनियमच घेणार असाल तर ५०५२ जातीचं मागा. ६०६१-टी६ कागदावर जास्त मजबूत आहे, पण कमी त्रिज्येत वाकवलं की घडीवर तडकतं आणि वेल्ड केलं की त्या पट्ट्यातली ताकद खूप उतरते. घडीची रेघ पेन्सिलने मारा. रेखणीने ओरखडा काढलात तर बाहेरची बाजू त्याच ओरखड्यावर उघडते. लोखंडालाही घडीच्या आतली त्रिज्या निदान जाडीएवढी ठेवा, आणि शक्य असेल तर घडी पत्रा लाटला गेला त्या दिशेला आडवी घ्या.

आधी पुठ्ठ्याचा नमुना करून गाडीखाली लावा. तेलाच्या बोल्टसमोर भोक, चिखल निघायला लांबट खाचा, केस आणि प्लेट यांत २५ मिमी मोकळी जागा. पुढे आधीच एखादी प्लेट असेल तर कौलं जशी एकावर एक चढतात तशी रचना करा : पुढच्या प्लेटची मागची कड खालून यायला हवी, म्हणजे खडक सांध्यात अडकत नाही. बोल्टची डोकी प्लेटच्या आत बुडवा. उघडी राहिली तर दोन फेऱ्यांत झिजून गोल होतात आणि मग पाना बसत नाही.

सायलेन्सरचा पाइप प्लेटवरून जात असेल तर त्या भागात प्लेट कापून टाका. सुकं गवत तिथे साठतं आणि पेटतं.

खडकवाट:

पत्राकाम दादा, लोखंडच घेतो. सायलेन्सरची बाजू बघितली, ६० मिमीवरून जातोय. तेवढा भाग कापला.

ताई, तुकड्यांची चाचणी केली. मशीनवर मी दीड वर्षापूर्वीच्या सेटिंगची मार्करने खूण करून ठेवली होती, म्हणून पहिले दोन तुकडे मुद्दाम त्याच खुणेवर केले. दोन्ही तिसऱ्या फटक्याला तुटले. आत तुम्ही म्हणालात तशीच कापाची रेघ, जणू वेल्ड झालंच नव्हतं. याच बीडवर विश्वास ठेवून मी गाडीखाली शिरून जॅक लावायचो. व्होल्टेज आणि तारेचा वेग दोन्ही वाढवून तिसरा केला, तो पूर्ण आडवा पडला पण तुटला नाही. चौथा आणि पाचवाही तसाच.

म्हणजे पुढचे आणि मधले पायही त्याच जुन्या सेटिंगचे आहेत. डायमध्ये त्यांना काही उमटलं नाही. ते राहू द्यायचे का?

ठिणगी:

राहू देऊ नका. डाय फक्त पृष्ठभागापर्यंत उघडलेली चीर दाखवतो, मुळाशी न मुरलेलं वेल्ड त्याला दिसत नाही. सहाही पाय काढा. सहा प्लेटा एकाच पुठ्ठ्यावरून कापा, १२० मिमी उंच, टोकांसकट २६० लांब.

सगळे काढतच आहात तर पाय प्लेटवर कायमचे वेल्ड करू नका. पायाच्या टोकाला ८ मिमीचा फ्लँज (बोल्टच्या भोकांची सपाट पट्टी) लावा आणि चासीवरच्या प्लेटला बोल्टने जोडा, एका पायाला चार एम१२, ८.८ ग्रेडचे. इथे ८ मिमी चालतं, कारण ते चासीवर नाही, बोल्टखाली आहे. बोल्ट चासीतून आरपार जाणार असतील तर आत जाड नळीचा तुकडा घाला आणि तो दोन्ही भिंतींना वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळताना पेटी चेपते आणि मग बोल्ट कधीच ताणात राहत नाही. भोकं उभ्या भिंतीत पाडा, आडव्या पट्टीत नाही. वरच्या जोडीची आणि खालच्या जोडीची मधली जागा ८० मिमीच्या खाली येऊ देऊ नका, हिशोब तोच आहे.

स्लायडर सुटा झाला की वर्षातून एकदा काढून प्लेटांच्या टोकांवर डाय मारता येईल. पहिल्या जोरदार फेरीनंतर लगेच एकदा मारा. पेटीच्या आत मेण पुन्हा फवारायला विसरू नका, वेल्डच्या मागचा रंग पूर्ण जळलेला असतो आणि गंज तिथूनच आतून खायला लागतो.

तोवर ती गाडी कोणत्याही स्लायडरवर जॅकने उचलू नका.

खडकवाट:

जॅक चासीखाली हलवला. आज उजवे तिन्ही पाय कापून काढले. मधल्या पायाचं वेल्ड ग्राइंडरने अर्धं कापल्यावर बाकीचं छिन्नीच्या दोन घावांत निघालं, खाली चासीचा पत्रा जवळजवळ कोरा होता. पुठ्ठा कापून क्रॉसमेंबरच्या जागी लावून बघितला, २६० बसतं, फक्त मागच्या टोकाला ब्रेकच्या नळीची क्लिप आड येते. ती ४० मिमी मागे घेतो आणि उद्या ४ मिमीची प्लेट कापायला घेतो.